आबांना चेंडू दिसला पाहिजे

आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, इगतपुरीहून नाशकात राहायला आणायचं एवढंच माझ्या मनात होतं. एवढ्यासाठी माणूस साधारणपणे समजूत काढतो, थोडं भांडतो, फार तर बहिणीला मध्ये घालतो. मी टीव्ही घेतला.

तोही साधा नाही. ज्याच्या पोटात तीन रंगांच्या तीन नळ्या असतात, त्या आतल्या आरशावर चित्र फेकतात आणि आरसा ते पुढच्या पडद्यावर टाकतो, असला प्रोजेक्शन टीव्ही. बावन्न इंची, रुंद पडद्याचा. एवढ्या मोठ्या वस्तूची तुम्हाला काय गरज पडली, असं कुणी विचारलं की मी पाणी पितो आणि विषय बदलतो. पण लोक आपापल्या मनाने कारणं लावतात, आणि ती खऱ्या कारणापेक्षा वाईट असतात, तेव्हा एकदा सगळं सांगून टाकलेलं बरं.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात आबा इगतपुरीच्या घरात अंगणातल्या शेवाळावरून घसरले आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. आई गेल्यापासून ते एकटेच. घराला पत्रे, आणि पाऊस इगतपुरीचा. घरात माणूस एक आणि गळतीखाली लावलेली भांडी मात्र पंगतीला पुरतील एवढी. मी आणि माझी बायको संध्या दर रविवारी जाऊन सांगत होतो, आबा, नाशकात चला.

"तिथं मी काय करू?" आबा म्हणायचे. "तू हापिसात, सूनबाई शाळेत, राखी कालेजात. मी काय भिंतीकडं बघत बसू?"

"टीव्ही आहे की."

"त्या डब्यात चेंडू दिसत नाय."

हे थोडं समजावून सांगायला हवं. आबा रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, होते, आणि गाड्यांनंतर त्यांनी आयुष्यात कशाकडे लक्ष दिलं असेल तर ते क्रिकेटकडे. तेही ट्रान्झिस्टरवर. रेडिओवरचा माणूस चेंडू कुठे गेला ते व्यवस्थित सांगतो. टीव्हीवाला गृहीत धरतो की तुम्हाला दिसतंय. आबांना दिसायची ती फक्त पांढऱ्या कपड्यांतली बारकी माणसं, आणि ती मधूनच उगाच पळत सुटायची. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढून झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता आहे एवढंच, याच्यापुढे नंबर नाही.

"आणि चेंडू दिसला तर?" मी विचारलं.

"तर बघू," आबा म्हणाले.

परतीच्या गाडीत संध्या म्हणाली, "बघू म्हणजे येईन असं नव्हे." पण आबा नाही म्हणाले नव्हते, एवढंच मी ऐकलं होतं. आमच्या घरात आबांनी नाही न म्हणणं हा जवळजवळ होकारच समजतात. शिवाय फेब्रुवारीत वर्ल्डकप होता.

मग मी पहिली चूक केली. सोसायटीत बोललो.

आमची सोसायटी गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला आहे. तीन मजले, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्यावर. तळमजल्यावरचा अमित सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तो म्हणाला, "काका, घ्यायचा तर प्लाझ्मा घ्या." मी प्लाझ्माची किंमत विचारून आलो. त्या किमतीत मी राहतो तो फ्लॅट आला होता, आणि त्यात तीन खोल्या होत्या.

दुसऱ्या मजल्यावर खैरनारसाहेब. बँकेतून निवृत्त झालेले आणि त्याच आठवड्यात सोसायटीचे सेक्रेटरी झालेले. ते म्हणाले, "मोठा टीव्ही अजिबात घेऊ नका, जयरामराव. डोळे जातात. सटाण्याला आमच्या मेव्हण्यांचे गेले."

"टीव्हीने?"

"नाही, साखरेने. पण टीव्ही होता घरात."

आमच्या समोरच्या दारात मालनबाई राहतात. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या, आता एकट्या असतात. त्यांनी सांगितलं की टीव्हीपुढे लावायचं एक भलंमोठं भिंग मिळतं, तेवढं आणा. "आमच्या वॉर्डात होतं. पेशंटना गुण यायचा नाही, पण चित्र मोठं दिसायचं." ऑफिसात हेडक्लार्कनी गणपतीत आणतात तसा पडदा आणि मशीन भाड्याने आणायला सुचवलं, आणि पडद्याच्या मागून बघितलं तरी चालतं, अशी जास्तीची माहिती दिली. इतके सल्ले ऐकल्यावर माणसाला कुणाचाच पटत नाही, आणि तो सरळ दुकानात जातो.

कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात आत एक वेगळी खोली होती. अंधारी, थंडगार, खाली गालिचा. गळ्यात टाय घातलेल्या ललित नावाच्या विक्रेत्याने मला एका सोफ्यावर बसवलं आणि पडद्यावर निळ्या पाण्यात पिवळे मासे सोडले. एकेक मासा आमच्या राखीएवढा. मी आयुष्यात एवढा स्पष्ट मासा पाहिला नव्हता, ताटातसुद्धा नाही.

"सर, तुमचं व्ह्यूइंग डिस्टन्स किती आहे?" ललितने विचारलं.

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो," मी म्हणालो.

तो हसला नाही. चांगला विक्रेता होता. मी बाजूने बघावं म्हणून उठायला लागलो की तो "बसा ना सर, बसा" करून मला पुन्हा सोफ्याच्या बरोबर मध्यावर बसवायचा. मला वाटलं, काय अदब आहे. तिचं कारण मला घरी गेल्यावर कळलं.

हॉलची भिंत मी मोजून गेलो होतो. दार मोजलं होतं. खिडकीपासूनचं अंतर मोजलं होतं. जिना मोजला नव्हता. पिवळे मासे बघताना कुणाला जिना आठवत असेल असं मला अजूनही वाटत नाही. किंमत मी संध्याला दोन भागांत सांगितली. निम्मी त्याच दिवशी आणि उरलेली संक्रांतीला, त्या दिवशी लोक गोड बोलतात म्हणून. संध्या बोललीच नाही.

टेम्पो आला तेव्हा सोबत चार हमाल होते. पहिला मजला त्यांनी आरामात पार केला. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या वळणावर खोकं थोडं तिरकं केलं, मग थोडं उभं केलं, मग पुन्हा तिरकं केलं, आणि मग ते हलेनासं झालं. ना वर, ना खाली. दोन हमाल खोक्याच्या वरच्या बाजूला, दोन खालच्या, आणि मी खालच्या दोघांच्या पाठीमागे, "जपून, जपून" म्हणत. यापेक्षा उपयोगाचं काही मला त्या दिवसभरात करता आलं नाही.

मालनबाई भाजी घेऊन आल्या. वर जायला वाट नाही म्हटल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. वरच्या बाजूने खैरनारसाहेब उतरले. अंगात सफारी, हातात आहेराचं पाकीट. त्यांना येवल्याला लग्नाला जायचं होतं आणि एसटी पकडायची होती. खोकं आणि भिंत यांच्या फटीतून मला त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"जयरामराव, हा सामायिक जिना आहे."

"मला माहीत आहे."

"सामायिक जागेत खासगी वस्तू ठेवायला मनाई आहे. नियमावलीत स्पष्ट आहे."

"ठेवलेली नाही साहेब. अडकली आहे."

"अडकलेल्या वस्तूबद्दल नियम नाही," खैरनारसाहेबांनी कबूल केलं, आणि एसटी चुकल्यापेक्षा त्यांना याचंच जास्त दुःख झालेलं दिसलं. तेवढ्यात वरच्या हमालाने विचारलं, "साहेब, येवल्याला म्हंजे पैठणीवाल्यांकडं का?" आणि पुढचा अर्धा तास ते दोघे त्या लग्नघराची माहिती एकमेकांना देत बसले. माझा टीव्ही मध्ये होता म्हणून ओळख निघाली, पण आभार कुणी मानले नाहीत.

शेवटी जिन्याच्या कठड्याचे दोन गज वाकवून खोकं खाली आलं आणि पार्किंगमध्ये ताडपत्री पांघरून बसलं. जागा नेमकी खैरनारांच्या स्कूटरची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येतो तर सोसायटीतल्या पोरांनी ताडपत्रीवर खडूने तीन स्टंप काढलेले. ज्या टीव्हीवर मला वर्ल्डकप बघायचा होता त्याला लोक त्रिफळाचीत करत होते.

आता एकच मार्ग उरला. गच्चीवरून दोर सोडून, गॅलरीची जाळी काढून टीव्ही थेट तिसऱ्या मजल्यावर ओढायचा. त्यासाठी सोसायटीची परवानगी. खैरनारसाहेबांनी तीन प्रतींत अर्ज मागितला, आणि ज्या ज्या गॅलरीसमोरून वस्तू वर जाणार त्या त्या फ्लॅटधारकाचा ना हरकत दाखला. पहिल्या मजल्यावरच्यांनी उभ्या उभ्या सही केली. दुसऱ्या मजल्यावर खुद्द खैरनार.

"तुमचीही सही लागेल?" मी विचारलं.

"अर्थात. व्यक्ती म्हणून माझी काही हरकत नाही. पण सेक्रेटरी म्हणून मला तसं लेखी मिळायला हवं."

ते पत्र त्यांनी स्वतःला लिहायला दोन दिवस घेतले. मसुदा त्यांना पसंत पडत नव्हता.

रविवारी सकाळी कप्पी लागली. सोसायटी खाली जमलीच, पण शेजारच्या दोन गल्ल्याही जमल्या. कुणीतरी चिवडा आणला होता. माझी अख्खी शिल्लक दोन दोरांना टांगून हवेत गोल गोल फिरत होती आणि खाली लोक चिवडा खात होते. दुसऱ्या मजल्यापाशी टीव्ही थबकला. खैरनारांची वाळत घातलेली विजार दोरात अडकली होती. "सोडवा, सोडवा," असं ते गॅलरीतून म्हणेपर्यंत वरच्यांनी हिसका दिला आणि विजार टीव्हीबरोबर आमच्याकडे आली. ती मी इस्त्री करून परत दिली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली आणि ठेवून घेतली.

घरात आल्यावर नवा पेच. हॉलच्या मुख्य भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो. टीव्ही तिथे ठेवला तर फोटो झाकले जाणार. संध्या म्हणाली, "फोटो हलणार नाहीत." मलाही ते मान्यच होतं. म्हणून टीव्ही आडव्या भिंतीला गेला, म्हणून सोफा बेडरूममध्ये गेला, म्हणून राखीचं टेबल गॅलरीत गेलं, आणि गॅलरीची कापलेली जाळी वेल्डर पुन्हा जोडायला आला नाही म्हणून राखीच्या टेबलावर कबुतरं बसायला लागली. तिने अभ्यास होत नसल्याचं अधिकृत कारण घरात जाहीर केलं.

मग मी टीव्ही लावला.

आमच्या केबलला मुंग्या येतात हे मला माहीत होतं. पण एकवीस इंचांवरच्या मुंग्या बावन्न इंचांवर मुंगळे होतात याचा मी विचार केला नव्हता. दुसरं म्हणजे, पडदा रुंद आणि केबलवरचं चित्र चौकोनी. त्यामुळे टीव्ही ते चित्र दोन्ही बाजूंनी ओढून ताणून बसवायचा आणि पडद्यावरचा प्रत्येक माणूस बुटका आणि आडवा व्हायचा. बातम्या देणारी सडपातळ बाई एका रात्रीत अंगाने भरली. ताणायचं नसेल तर एक बटण होतं. ते दाबलं की माणसं सडपातळ व्हायची आणि चित्राच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायचे.

"म्हणजे आपण काळं बघायला पैसे दिले?" संध्याने विचारलं. संक्रांतीनंतर ती पहिल्यांदाच टीव्हीविषयी बोलली.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. चित्र फक्त बरोबर समोरून दिसायचं. जरा डावीकडे सरका, अंधार. जरा उभे राहा, अंधार. अख्ख्या हॉलमध्ये स्पष्ट चित्र दिसेल अशी जागा एकच, एका खुर्चीएवढी. ललित मला पुन्हा पुन्हा सोफ्याच्या मध्यावर का बसवत होता ते मला त्या एकुलत्या एक खुर्चीत बसल्यावर समजलं.

कंपनीचा माणूस मुंबईहून आला. त्याने दिवसभर बटणं दाबून तिन्ही रंग एकावर एक जुळवले आणि जाताना बजावलं, "आता याला एक इंचही हलवायचं नाही. हलवलात की रंग सुटले."

दुसऱ्या दिवशी मी आबांना आणायला गेलो. येताना त्यांनी एकच पिशवी घेतली. म्हणजे राहायचा विचार नाही हे माझ्या लक्षात आलं. आम्ही घरात शिरलो. आबांनी फोटोंना हात जोडले, पाणी प्याले, आणि टीव्हीकडे बघून म्हणाले, "कपाट नवं घेतलं का?"

"आबा, हाच टीव्ही."

आबा त्याच्याभोवती एक फेरी मारून आले. मी त्यांना खुर्चीत बसवलं. सामना सुरू होता. गोलंदाज धावत आला, आणि मला एकदम दिसलं की काहीतरी बिघडलंय. गोलंदाजाच्या डाव्या बाजूने एक तांबडा गोलंदाज धावत होता आणि उजव्या बाजूने एक निळा. सासरे येणार म्हणून संध्याने सकाळी टीव्ही सरकवून मागे झाडलं होतं.

"दिसला का आबा, चेंडू?"

"दिसला की," आबा म्हणाले. मी श्वास सोडला. "तीन दिसले. त्यातला खेळायचा कोन्चा?"

"एकच आहे आबा. बाकीचे रंग सुटलेत."

तेवढ्यात आपला फलंदाज बाद झाला. "बघ," आबा म्हणाले, "त्याला बी कळंना." त्या सामन्यात आपण सगळेच बाद होत गेलो. प्रत्येक विकेटला आबा माझ्याकडे बघायचे, जणू मीच सगळ्या संघाला तीन तीन चेंडू दाखवले होते. सामना संपल्यावर त्यांनी पिशवी खुंटीवरून काढून जवळ ठेवली. "सोमवारी जातो मी."

मी ऑफिसात रजा टाकून कंपनीला फोन करत बसलो. मुंबईचा माणूस सुरतेला गेला होता. मग अमित रिमोट आणि माहितीपुस्तक घेऊन वर आला. त्याने पडद्यावर पांढऱ्या रेघांची जाळी आणली, मच्छरदाणीसारखी, आणि रोज कारखान्यातून आल्यावर तो तांबडी मच्छरदाणी निळीवर आणि निळी हिरवीवर सरकवायचा. प्लाझ्मा घेतला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं, हे तो प्रत्येक रेघेला सांगायचा. आबा मागे बसून "आणखी डावीकडं, आणखी, बस" म्हणायचे. गाडीचे डबे जोडताना इंजिनवाल्याला सांगावं तसं. सोमवार कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा कुणी लक्षात आणून दिलं नाही.

आणि एका दुपारी फलंदाजाने उंच फटका मारला, आबांची मान पडद्यासमोर डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरली, आणि ते म्हणाले, "एकच हाय. गेला शिमेपार." संध्याने आत कुणी न मागता चहा टाकला. मला वाटलं, संपलं सगळं. आता मी सुखाने टीव्ही बघणार.

पण आबांनी ही बातमी जिन्यात सांगितली. वर येणाऱ्याला, खाली जाणाऱ्याला, पोस्टमनला. "आमच्याकडं चेंडू दिसतो. या." पहिले आले खैरनारसाहेब. ते पाहणीसाठी म्हणून आले आणि सामना संपेपर्यंत पाहणी करत बसले. मग त्यांची मंडळी, मग पहिला मजला, मग पहिल्या मजल्यावरच्यांचे ओझरचे पाहुणे. स्पष्ट दिसणारी जागा एकच, त्यामुळे आबांच्या खुर्चीमागे एकामागे एक अशी ओळ लागायची. पुढचे जमिनीवर, मधले खुर्चीवर, मागचे उभे. ही व्यवस्था आबांनी लावली होती आणि ती कुणी मोडली की ते त्याला बाजूच्या अंधारात पाठवायचे.

माझी जागा स्वयंपाकघराच्या दारात. तिथून पडदा हिरवट काळा दिसायचा. मी वर्ल्डकपचे बहुतेक सामने लोकांच्या ओरडण्यावरून पाहिले. चहाचे कप घेऊन मध्ये गेलो की मागून आवाज यायचा, "अहो, जरा सरका की." एकदा ओझरच्या पाहुण्याने मला विचारलं, "तुम्ही कितव्या मजल्यावर असता?"

एवढं होऊनही आबा संध्याकाळी पिशवीकडे बघून "जातो आता" म्हणतच होते. मला राग यायला लागला होता. राखी एकदा म्हणाली, "पप्पा, सगळे गेले की आजोबा टीव्ही बंद करून कबुतरांजवळ जाऊन बसतात. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, कान दुखतात." मी म्हणालो, आवाज कमी करू. ती म्हणाली, "आवाज टीव्हीचा नाही ओ."

अंतिम सामन्याच्या दुपारी आमच्या हॉलमध्ये शिरायला जागा नव्हती. चपला जिन्याच्या वळणापर्यंत गेल्या होत्या. पहिल्या षटकापासूनच समोरचे आपल्याला झोडपत होते आणि हॉलमधला प्रत्येक जण गोलंदाजाला सल्ला देत होता. मी चहाचं तिसरं भांडं चढवलं आणि साखर संपल्याचं पाहिलं. मालनबाई ओळीत मध्यावर बसून मटार सोलत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्या म्हणाल्या, "जयराम, माझं दार नुसतं लोटलंय. आत छोटा टीव्ही आहे. जा, पाच मिनिटं बस तिकडे."

मी गेलो. मालनबाईंच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर चौदा इंची टीव्ही होता. त्यावर तोच सामना, तेच झोडपणं, पण लहान आणि शांत. मी स्टुलावर बसलो. किती दिवसांनी मला कुणी सरका म्हणत नव्हतं.

दार वाजलं. आबा होते.

"आबा, तुमची खुर्ची?"

"खैरनारला दिली. त्यो मघापासून मान वाकडी करून बघत व्हता." ते आत आले, दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी बसले. "तिथं लय कालवा हाय. ज्याला त्याला वाटतं आपल्यालाच कळतं."

मी टीव्हीकडे बघितलं, आबांकडे बघितलं. "पण इथे तुम्हाला चेंडू दिसतोय का?"

"नाय."

"मग?"

"मग तू सांग ना."

लहानपणापासून आमच्यात सांगायचं काम आबांचं आणि ऐकायचं माझं. शिवाय मला राग आला होता, तो नेमका कुणाचा ते ठरवायला थोडा वेळ पाहिजे होता. एवढा मोठा टीव्ही, तो जिना, ती विजार, ती दोन भागांतली किंमत. पण गोलंदाज धावत निघाला होता, आणि आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सुरू केलं. "आखूड टाकला. त्याने मागे सरून मारला. चेंडू कव्हरमधून. आपला माणूस पळतोय. पोचत नाही. नाही पोचला."

"पळाला तरी ना?"

"पळाला."

"मग ठीक हाय," आबा म्हणाले.

आम्ही तसेच बसून राहिलो. त्यांची पाळी संपली, आपली सुरू झाली. मी सांगत होतो, आबा मान हलवत होते. समोरून आमच्या घरातून मधूनच आरडाओरडा यायचा आणि तो आमच्या टीव्हीच्या आधी यायचा की नंतर यावर आमचा थोडा वाद झाला. मग तिकडे मैदानावर पाऊस आला आणि खेळ थांबला. पडद्यावर नुसती ताडपत्री.

"आपल्या मंगळूच्या पोराचं लगीन ठरलंय," आबा ताडपत्रीकडे बघत म्हणाले. मंगळू इगतपुरीला आबांच्या शेजारी राहतो. "वैशाखात. त्यांच्यात खोली एकच. पोराला घर पायजे."

"हं."

"म्हटलं, आपलं देऊन टाकावं का? भाड्यानं."

मी टीव्हीवरची नजर हलवली नाही. "पत्रे बदलून द्यावे लागतील पावसाळ्याआधी."

"ते मी बोललोय त्याच्याशी. त्यो करून घेतो म्हणाला."

म्हणजे बोलणं कधीच झालं होतं. कधी, ते मी विचारलं नाही.

"पण एक हाय," आबा म्हणाले. "त्या कपाटासमोर मला बसवू नको बाबा. लोकं हलून देत नायत. मॅच असली की मी इथं येत जाईन. मालनबाईला विचारून ठेव."

माझ्याकडे हिशेब बराच होता. जाळी कापलेली गॅलरी, वाकवलेले गज, मुंगळे, मच्छरदाणी, ओझरचे पाहुणे. ते सगळं मी बाजूला ठेवलं. "विचारतो," मी म्हणालो.

ताडपत्री काढली. खेळ सुरू झाला. सामना हातातून गेल्यातच जमा होता, हे मला चौदा इंचांवरसुद्धा स्पष्ट दिसत होतं. आपल्या फलंदाजाने बॅट फिरवली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"चौकार."

"कुणाचा?"

"आपला," मी म्हणालो.